लसणाच्या गाडीवरचा भोंगा

सकाळचा चहा पोटात जाण्याआधी मोबाइलवरचा उपदेश डोक्यात जातो, हे आता घरोघरचं झालं आहे. शेलूबाजारचे लसूणवाले वहाबभाई तरी त्यातून कसे सुटतील? त्यांच्याही मोबाइलवर एक व्हिडिओ आला आणि भाई हरखून गेले. उपाशीपोटी कच्चा लसूण खा, आतड्यातले जंतू साफ, बीपी गायब! म्हणजे इतकी वर्षं आपण दवाच विकत होतो आणि आपल्यालाच पत्ता नव्हता! त्याच दिवशी त्यांनी गाडीवरच्या भोंग्यासाठी स्वतःच्या खणखणीत आवाजात नवं रेकॉर्डिंग केलं, "लसूण खा, गोळी फेका! बीपीची छुट्टी!"

मग काय, गाडीभोवती ही गर्दी! तोलायला भाईंचे हात पुरेनात. सगळ्यात खूश होते मारोतराव. गाडीवरचा लसूण त्यांच्याच शेतातला, आणि दोघांची दोस्ती तर मिसरूड फुटायच्या आधीची.

"वहाब, तुया भोंग्यानं माह्यं भलं केलं," बाजाराच्या दिवशी ते गाडीपाशी येऊन म्हणाले. "रोज अख्खा गड्डा चावून राह्यलो. पोटात आग पडते, पण गोळी पार बंद!"

"शाब्बास!" भाई म्हणाले.

तेवढ्यात मारोतरावांनी गाडीचा दांडा घट्ट धरला. चेहरा घामानं डबडबला. "मले गरगरून राह्यलं रे..." म्हणत ते खालीच बसले. भाईंनी तोंडावर पाणी मारलं, जीपवाल्याला हाका घातल्या. आणि वर भोंगा आपला ओरडतच होता, भाईंच्याच आवाजात, "गोळी फेका! बीपीची छुट्टी!" भाईंनी वायर हिसकून काढली. स्वतःच्या आवाजाची त्यांना उभ्या जन्मात इतकी लाज वाटली नव्हती.

मंगरूळपीरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बीपी आटोक्यात आणलं. "वेळेवर आणलं म्हणून बरं," एवढंच ते म्हणाले. भाईंची मुलगी यूसरा आरोग्य उपकेंद्रात नर्स होती, ती धावतच आली.

"अब्बा, लोकायले गोळी सोडाले कायले सांगतलं?"

"व्हिडिओत होतं बेटा. लसूण आतड्यातले जंतू मारते म्हणे."

"सगळे मारायचे नसतात! आतड्यात चांगले जिवाणूही राह्यतात, करोडोंनी. लसणातला काही भाग आपल्याले पचत नाही, तो त्यायचं जेवण होते. त्यायले जपलं, तर ते आपल्याले जपतात."

भाईंचे डोळे चमकले. "म्हणजे लसूण चांगलाच ना?"

"चांगलाच! पण रोजच्या जेवणात. भाकर, वरण, पालेभाजी, अन् त्यात दोन-चार पाकळ्या. तेही वर्षानुवर्षं, तवा कुठं फायदा. बीपीच्या गोळीचं काम लसूण करत नाही, अब्बा. गोळी थांबवायची का नाही, ते डॉक्टर सांगतीन."

"पोरी, त्याले रागावू नको," पलंगावरून मारोतराव बोलले. "म्या तरी कुठं कोणाले इचारलं?"

भाईंना रडू कोसळलं. "तू माह्या आवाजावर भरोसा ठेवला गड्या. दुसऱ्या कोणाचा असता, तर ठेवला असता का?"

त्या दिवशी मुका झालेला भोंगा मारोतराव हिंडू-फिरू लागले तेव्हाच पुन्हा वाजला, आणि काय वाजला! अख्खा बाजार कान देऊन उभा! आधी वहाबभाई, "लसूण घ्या, लसूण! ठेच्यात टाका, फोडणीत टाका, पोटातल्या दोस्तायले खाऊ घाला!" आणि पाठोपाठ मारोतराव, "अन् बीपीची गोळी रोज घ्या रे बाबांनो! म्या फेकली होती! वाटलं तर गाडीपाशी येऊन इचारा!"

लोक हसले, आले, आणि खरोखर विचारू लागले. मारोतरावही मोठ्या रुबाबात खिशातली गोळ्यांची पट्टी काढून दाखवू लागले.

मंडळी, लसूण आपल्या ताटात जरूर असू द्या, पण गोळीचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. आणि मोबाइलवरचा उपाय पुढे ढकलताना बोट जरा आवरा. आपल्या शब्दावर डोळे झाकून विश्वास ठेवतं, ते बहुतेक वेळा आपलंच माणूस असतं!