दोन भोकांचं नाणं

सुजितने रुमालाची गाठ सोडून नाणं टेबलावर ठेवलं, तेव्हा टिपणीस सरांना आधी आठवलं ते सहा वर्षं उत्तर न दिलेलं पत्र. त्यांचा हात पुस्तकांच्या फळीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत आला.

"सर, तुम्हीच पाहिलेलं हे. मी पप्पांबरोबर आलेलो, बदलापूरहून. तुम्ही बोललेले, नकली आहे."

अंबरनाथच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यावर सर रोमन नाणी ओळखायला शिकले होते, तेही पुस्तकांतून. कुणी विचारलं तर सांगत, आणि सांगून झाल्यावर दोन दिवस मनात कुढत. हे एकच नाणं त्यांनी ठामपणे निकालात काढलं होतं. समोरून चेहरा, खांद्यावर भाला, मागे पंखवाला देवदूत. सोन्याचं नाणं, कॉन्स्टँटिनोपलच्या रोमन बादशहाचं असावं तसं. पण कडेची अक्षरं उलटसुलट, निरर्थक. "अलीकडची नक्कल आहे, फार तर वीस वर्षांतली," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला होता.

ते नाणं पिढ्यान्‌पिढ्या त्या घरातल्या थोरल्या सुनेच्या गळ्यात असे. दर नवरात्रात दोरा तेवढा बदलायचा. तेव्हाची थोरली सून म्हणजे बनूबाई. नाणं नवं आहे, म्हणजे जुनं हिनेच बदललं, असं घराने ठरवलं. विधवा बाई एका पिशवीनिशी बाहेर पडल्या आणि शिवमंदिराजवळ फुलं विकायला बसल्या. तिथूनच त्यांनी कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं: 'सर, अक्षरं मला वाचता येत नाहीत. पण तुम्ही भोकं बघितलीत का? दोऱ्याने सोनं झिजायला किती वर्षं लागतात, तेवढं कळवा. मी घरी दाखवीन.'

सरांनी उत्तराचे तीन कच्चे खर्डे केले. तिन्हींत 'बहुधा' होतं. नाणं पुन्हा पाहिल्याशिवाय लिहावं कसं, आणि ते मागायला जावं कुठल्या तोंडाने? मग त्यांनी मंदिराकडचा रस्ताच सोडला.

"आता वितळवतोय," सुजित म्हणाला. "कॅम्प एकच्या बाजारातला सोनार बोलतो, सोनं चोख आहे, पण पहिले सरांना दाखव. त्याचा टाइमपास सगळा."

सरांनी भिंग लावलं. अक्षरांना चिकटलेली नजर त्यांनी ओढून वर नेली. चेहऱ्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोकं. दोन्हींची वरची कड दोऱ्याने खाऊन लांबट झालेली, आतून गुळगुळीत. त्यांनी नाणं फिरवलं. पुन्हा पाहिलं.

"एवढी झीज वीस वर्षांत होत नाही. हे जुनं आहे," ते म्हणाले. "हजार वर्षांच्या वरचं. आपल्याकडच्याच कुणा सोनाराने बादशहाचं नाणं समोर ठेवून घडवलंय. त्याला ती अक्षरं वाचता येत नव्हती, एवढंच. चूक माझी होती."

सुजित हसला, मग थांबला.

"म्हणजे मोठ्या आईने बदललं नव्हतं?"

"नाही. बनूबाई अजून मंदिरापाशी बसतात?"

"ती गेली, सर. दोन वर्षं झाली. आम्हाला पण बाहेरूनच कळलं."

सरांनी भिंग खाली ठेवलं. ते घरंगळत कडेपर्यंत गेलं, सुजितनेच धरलं.

"सर, एक रिक्वेस्ट आहे. घरी नका ना सांगू. तिला चोर पहिले माझी मम्मीच बोललेली. मम्मीला नाय झेपणार आता. गावात पण विषय होईल. गेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

वाद घालणं सरांना कधीच जमलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. सुजितने तो होकार समजला आणि नाणं रुमालात बांधलं.

दुपारी सर पोस्टात गेले.

"काका, पाकीट देऊ का?" खिडकीतली मुलगी म्हणाली. "कार्ड कोणीपण वाचतं."

"कार्डच द्या."

तिथल्याच फळीवर टेकून त्यांनी लिहिलं: 'नाणं जुनंच आहे. भोकं दोऱ्याने झिजली आहेत. मी ती पाहिली नव्हती. तुम्ही काहीही बदललेलं नाही. उत्तराला उशीर झाला.'

पत्त्याच्या जागी त्यांचं पेन थोडं थांबलं. मग त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, श्रीमती बनूबाई शिवराम भोईर, थोरल्या सूनबाई. खाली त्यांच्या सासरचं घर, गाव, तालुका. शाई वाळेपर्यंत ते उभे राहिले आणि कार्ड पेटीत टाकलं.