अप्पांच्या कानांचा बोर्ड

माझा नवरा प्रणेश हुशार होता आणि तितकाच चालढकल करणारा. माणूस गेला की लोक त्याचे गुणच सांगतात. मी दोन्ही सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

माझ्या सासऱ्यांना, अप्पांना, ऐकू येत नाही. इथे कानडी मुलखात, मेटगळ्ळीच्या कारखान्याच्या शेडमध्ये लेथच्या खडखडाटात उभा जन्म गेला, कान तिथेच राहिले. विकतच्या श्रवणयंत्रातून त्यांना भांडी ऐकू यायची, माणसं नाही. म्हणून प्रणेशने घरीच एक बोर्ड बनवला. त्यावरची एफपीजीए चिप, म्हणजे हवा तो प्रोग्रॅम भरता येणारी, गोंगाटातून बोलणं तेवढं वेचायची आणि अप्पांच्या हेडफोनमध्ये सोडायची. पहिल्यांदा ते नीट चाललं तेव्हा अप्पा म्हणाले, "असा आहे होय तुझा आवाज, इरा? मला वाटत होतं भांडखोर असशील." त्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

या चिपला स्वतःची आठवण नसते. वीज गेली की पाटी कोरी. शेजारच्या मेमरीत प्रोग्रॅम कायमचा लिहून ठेवावा लागतो, आणि ते लिहिणंच दर वेळी अर्ध्यात फसायचं. मग प्रणेश केबलने प्रोग्रॅम थेट चिपमध्ये भरायचा, बोर्ड इन्व्हर्टरवर ठेवायचा आणि म्हणायचा, "मेमरीचं रविवारी बघू." तो रविवार आलाच नाही. नंजनगूडच्या रस्त्यावर लॉरीने त्याला उडवलं. पाठीवरच्या लॅपटॉपचाही चुरा झाला. प्रोग्रॅमची दुसरी प्रत आमच्या या साहेबांनी ठेवली नव्हती.

त्याचं शेवटचं काम आता फक्त त्या चालू चिपमध्ये उरलं होतं. ते वाचून उतरवून घेता आलं असतं. पण कॉम्प्युटरला चिप कधी दिसायची, कधी नुसती शून्यं. मी केबल बदलली, वेग कमी केला, प्रणेशला शिव्या घातल्या. शेवटी सापडलं: कनेक्टरच्या एका पिनचं सोल्डर सुटलं होतं. बोटाने दाबलं की चिप लगेच दिसायची, बोट जरा हललं की गेली. मेमरीचं लिहिणंही त्यामुळेच फसत असणार. एवढंसं काम होतं. मी टेबलावर डोकं ठेवून रडले.

चालू बोर्डला सोल्डरिंग आयर्न लावायची हिंमत होईना. पिन दाबून धरणारी क्लिप प्रणेशच्या मित्राकडे, शशांककडे होती. ती आणायला निघताना अप्पांना बजावलं, "हे बंद करायचं नाही." हेडफोनमधून त्यांनी ऐकलं. "हौदु, हौदु," कानडीत हो म्हणाले.

त्या दिवशी आयुधपूजा होती, म्हणजे आपली खंडेनवमी. माझ्या माहेरी, सांगलीत, खंडेनवमीला हत्यारांवर फूल वाहिलं की झालं. इथे कसं असतं, याचा विचारच माझ्या मनात आला नाही.

परत आले तेव्हा पाटावर अप्पांचे नट आवळायचे पाने, मापाचा व्हर्नियर, स्कूटरची किल्ली मांडलेली होती. मधोमध तो बोर्ड, पुसून लख्ख, कुंकू लावलेला, वर झेंडू. प्लग काढून वायरची नीट गुंडाळी केली होती.

"तू सांगितलीस, खरं," अप्पा म्हणाले. "पण चालतं मशीन पूजेला ठेवत नाहीत गं. प्रणेश दर वर्षी शेडचा मेन स्विच स्वतः पाडायचा. यंदा तो नाही, म्हणून मीच केलो. स्वल्प विश्रांती मिळू दे त्याला बी."

मी प्लग लावला. लाल दिवा लागला. चिप भरल्याचं सांगणारा हिरवा दिवा लागला नाही.

अप्पांनी हेडफोन चढवला. "हं, बोल."

मी बोलले. तुमच्या मुलाचं शेवटचं काम आत्ता गेलं, म्हणाले. तुमच्याच हाताने गेलं, आणि तुमची काहीच चूक नाही. मला त्याचा इतका राग येतो, आणि त्याच्यावाचून मला राहवत नाही. इतके महिने हे कुणाशीच बोलले नव्हते.

अप्पा माझ्याकडे बघत मान डोलवत होते. माझं बोलून झालं तेव्हा हसले.

"काही येत नाही गं ऐकू. जरा आवाज वाढव."

मी बोर्डचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.