गरम पाण्याचा टब

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टवर पेनाचं टोक टेकवून एकेक ओळ समजावली. शुक्रजंतूंची संख्या कमी. त्यातही पुढे सरकणारे फार थोडे.

"पण शून्य नाहीत," त्या म्हणाल्या. "एका तपासणीवरून शिक्का मारायचा नसतो. नवे तयार व्हायला तीनेक महिने लागतात. तोवर सिगारेट बंद, खालच्या भागाला उष्णता नको. मग पुन्हा तपासू. काम काय करता?"

"बेकरी आहे. भट्टीसमोर असतो," नवरा पुटपुटला.

"आणि घरी आले की कमरेपर्यंत कढत पाण्यात बसतात," बायको म्हणाली. "सासूबाई टब भरून ठेवतात. रोज."

"तो आजपासून बंद. आणि सोमवारी तुमच्या पोटात दुर्बीण घालणार आहेत ना, ते थांबवा. आधी यांचं बघू."

बायकोची कानशिलं तापली. चार वर्षं! सुयांनी हातांची चाळणी झाली, गोळ्यांनी अंग सुजलं, गर्भाशयात औषध सोडून फोटो काढले तेव्हा ती कळवळली होती. आणि हा बाप्या? "माझं काय तपासायचंय? मैद्याची पोती एकटा उचलतो मी!" म्हणे. जसं काही पोतं उचललं की पोर होतं! आणि घरातही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

रस्त्यावर येताच त्याने आवाज खाली आणला. "सोमवारचं तेवढं उरकून घे ना. रद्द केलं तर आई विचारेल का म्हणून."

ती जागीच थांबली. "म्हणजे तुझी आई विचारू नये म्हणून मी पोट फाडून घेऊ?"

"फाडत नाहीत गं. बारीक भोकं पाडतात."

"मग तू पाडून घे!"

पुढे घरापर्यंत ती त्याच्या चार पावलं पुढेच चालली. तोंड उघडलं असतं तर भर रस्त्यात तमाशा झाला असता.

घरात टब वाफाळत होता. सासूबाई टॉवेल घेऊनच उभ्या. "आलास? बस बाबा आधी, कंबर शेक. काय म्हणाली डॉक्टरीण? हिचंच ना काहीतरी?"

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. चार वर्षांत तिनेही त्याच्याकडे असंच कितीदा पाहिलं असेल, पण तिच्यासाठी कुणी तोंड उघडलं नव्हतं. तिने हनुवटीनेच सासूबाईंकडे खूण केली. सांग.

"आई," तो शेवटी म्हणाला, "माझ्यात कमी आहे. आणि हे गरम पाणी... त्यानेही होतं म्हणे."

सासूबाईंच्या हातातला टॉवेल खाली आला. त्या टबाकडे पाहत राहिल्या, मग लेकाकडे. सुनेकडे मात्र पाहिलं नाही. चार वर्षं जिला नाही नाही ते ऐकवलं, तिला एक शब्द नाही. तोंडातून निघालं ते एवढंच, "पाणी गार होतंय."

सुनेने खुर्ची ओढली, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि दोन्ही पाय टबात सोडून बसली.

"होऊ दे," ती म्हणाली. "टॉवेल द्या इकडे."