बाबांचा पाय

दुकानात मोबाइलवर पुस्तकं ऐकायचा नियम ठरलेला होता. एक प्रकरण बाबांचं, एक लेकीचं. बाबा शिंपी, आणि त्यांना लागायचे खून. सुरुवातीलाच मुडदा पडला नाही, तर ते पुस्तक त्यांच्या लेखी फुकट. लेकीला मात्र संथ घरगुती कादंबऱ्या हव्यात. त्यात चहा उकळायलाच अर्धं प्रकरण जातं, असं बाबा म्हणायचे. तुमच्या गोष्टीत माणसं मरण्यापुरतीच जन्माला येतात, असं ती म्हणायची. ती बँकेत होती. सुटीला काज-बटणं करायला येऊन बसायची. एरवी दोघांना बोलायला विषय सापडायचा नाही.

त्या दिवशी वकीलबाई कोट न्यायला येणार होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा पहिला खटला. कापड त्यांच्या वारलेल्या वडिलांच्या कोटाचं, बिघडलं तर दुसरा तुकडा कुठून आणणार? बाबा बाही जोडत होते आणि गोष्टीतला खुनी काही सापडत नव्हता. इकडे लेकीच्या कादंबरीत रुसून गेलेली थोरली बहीण दारात येऊन ठेपलेली. हिचा जीव टांगणीला. तिनं हळूच मोबाइलवर वाचणाऱ्याचा वेग वाढवला.

बाबांचा मशीनवरचा पाय गोष्टीच्या चालीनं चालतो, हे ती लहानपणापासून बघत आली होती. नेमकं तेव्हाच विसरली. वाचणारा बुवा धावायला लागला, तसं मशीनही धावलं. तिनं वर पाहिलं, तर सुई बाबांच्या बोटाला भिडायच्या बेतात.

"बाबा, थांबा."

बोट वाचलं. बाहीखाली मात्र कोटाची पुढची बाजू दुमडून शिवली गेली होती. बाबा शिवणीकडे बघत राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी पळवलं ते," ती म्हणाली. "माझं प्रकरण लवकर यावं म्हणून."

"मला वाटलं, माझाच हात थकला," बाबा म्हणाले.

तिनं मोबाइल थांबवला.

काळ्या कापडावर काळा दोरा. एकेक टाका उसवायचा, आणि कापड म्हातारं. ब्लेड जरा घसरलं की संपलं.

"तुझी कादंबरीतली बाई लाव," बाबा म्हणाले. "खुनावर हात दचकेल."

तिनं कादंबरी लावली. बाबा उसवत होते, ती कापड ताणून धरत होती. एकदा दोरा कापडात अडकला. बाबांनी तो सुईच्या टोकानं उचलला. कादंबरीतली बहीण अजून उंबऱ्यातच उभी होती. ही आत का येत नाही, बाबांनी कुरकुरत विचारलं. तिला भीती वाटते, लेक म्हणाली.

बाही पुन्हा लागली, इस्त्रीच्या वाफेनं सुईची भोकं मिटली. एक तेवढं राहिलं, काखेजवळ. वकीलबाई आल्या, तेव्हा बाबांनी ते आधी दाखवलं. बाईंनी कोट चढवला, हात वर केला, खाली केला. दुकानात फक्त कादंबरी चालू होती.

"दिसत नाही," त्या म्हणाल्या. मग पैशांचं काहीतरी विचारू लागल्या, तोच बाबांनी बोट वर केलं.

"जरा थांबा बाई. ती बहीण आत्ताच आत आलीय."