तुरटी

"थांबा ताई, ओतू नका ते," मॅडम म्हणाल्या, तेव्हा ताईंनी गढूळ पाण्याची बाटली सिंकवर जवळजवळ वाकवलीच होती.

माती-संशोधन प्रयोगशाळेत मॅडमच्या हाताखाली ताई जंगलातलं पाणी गाळून तपासायच्या. ते आणायचे त्यांचेच यजमान. टेकडीवरच्या झाडांखाली पुरलेल्या डब्यांत झिरपलेलं पाणी दर आठवड्याला कॅनमध्ये भरून खाली आणायचं, हे त्यांचं काम. सगळे त्यांना पाणीवाले म्हणत आणि त्यांनाही ते आवडायचं. या खेपेला त्यांना ताप होता, म्हणून मॅडम स्वतः चढून चहाच्या रंगाचं पाणी घेऊन आल्या होत्या.

त्यात फॉस्फरस भरपूर निघाला. सहा वर्षं तो जेमतेम यायचा.

"हे मातीचे बारीक कण बघा," मॅडम बाटली उजेडात धरून म्हणाल्या. "इतके हलके, की तळाला बसायचं नावच घेत नाहीत. फॉस्फरस त्यांना चिकटतो आणि फुकटात प्रवास करतो. मग इतकी वर्षं हे कण गेले कुठे?"

पाणीवाल्यांचं पाणी या सहा वर्षांत नितळच असायचं. ताई लगबगीने घरी निघाल्या.

घरी यजमान पांघरूण घेऊन बसले होते.

"अहो, त्या पाण्यात तुम्ही काही घालता का?"

"तुरटी फिरवतो," ते सहज म्हणाले. "गाळ खाली बसला की वरचं निवळ पाणी तुला."

"कुणी सांगितलं होतं?"

"सांगायला कशाला हवं? मोजमाप सुरू व्हायच्या आधी नुसतं गाळून बघायचीस, तेव्हा तुझा फिल्टर तुंबायचा, घरी यायला अंधार पडायचा. मग माझ्यावर करवादायचीस."

हसावं की डोकं धरून बसावं, ताईंना कळेना. लग्न झाल्यापासून या माणसाने दोन गोड शब्द बोलायचे कष्ट घेतले नव्हते आणि तिकडे रानात बसून बायकोसाठी पाणी निवळत होता. त्यांना फार माया दाटून आली, आणि तेवढीच भीतीही वाटली.

तुरटीने ते बारीक कण एकत्र येऊन तळाला जातात, फॉस्फरसलाही घेऊन जातात, हे त्यांनी हळूहळू समजावलं. यजमानांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आजवरचं सगळं वाया?"

"मी कुणाला सांगणार नाही. तुमचं काम जाईल. यापुढे घालू नका, झालं."

"आणि मॅडम तेच आकडे खरे धरून चालणार?"

ताईंनी त्यांचं पांघरूण नीट केलं. टेकडी सुटली तर हा माणूस घरात वेडापिसा होईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"पाणी मी आणलंय," ते म्हणाले. "मीच सांगतो."

सकाळी ताप उतरला होता. इस्त्रीचा शर्ट घालून ते ताईंबरोबर निघाले. मॅडमच्या दाराशी ताईंनी विचारलं, "मी येऊ आत?"

"नको. तुझं नाव यात कशाला?"

ताई आपल्या टेबलाशी गेल्या. काचेतून त्यांना दोघं दिसत होती, बोलणं ऐकू येत नव्हतं. यजमान सांगत होते. सांगताना त्यांचा हात हवेत गोल फिरला, कॅनमध्ये तुरटी फिरवतात तसा. मॅडमचं पेन थांबलं. मग उठून त्यांनी एक खुर्ची पुढे सरकवली.

ते बसले नाहीत.