भुसकटासाठी हळू होणारी मोटार

मी रस्त्याकडेची एक लाकडी पाटी आहे. सोलापूरहून अक्कलकोटला जाताना, विहिरीजवळच्या वळणावर मला उभं केलं. साल एकोणीसशे तीस. रंगाऱ्याने माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘वेग ताशी दहा मैल’. मला वाटलं, आता या रस्त्यावर माझ्याच शब्दाला मान.

वळणाच्या एका अंगाला चंद्रव्वाचं खोपट, दुसऱ्या अंगाला विहीर. चंद्रव्वाचा म्हातारा नवरा कानांनी ठार बहिरा. रोज सकाळी तो कावड घेऊन रस्ता ओलांडायचा, आणि नेमकी तेव्हाच हिंदुरावची उतारूंनी भरलेली सर्व्हिस मोटार भोंगा वाजवत, धुरळा उडवत यायची. एकदा मोटारीच्या धक्क्याने कावडीची घागर फुटली.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वाने मोटार अडवली.

“दादा, आमच्या म्हाताऱ्याला ऐकू येत न्हाय. हितं पाटी हाय की! वाचता येत न्हाय व्हय तुला?”

“येतंय की, आजी. पर पाटी काय मोटारीला आडवी येती व्हय?”

उतारू खदखदून हसले. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

पौषात चंद्रव्वाने हुलग्याचे वाळके वेल रस्त्यावर पसरले. येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली आयती मळणी होते, म्हणून आमच्याकडे पुष्कळजण तसं करतात. चाक घसरेल या भीतीने हिंदुरावने मोटार अगदी गोगलगायीसारखी नेली! म्हातारा निवांत पलीकडे गेला.

माझ्या अंगाची आग झाली. अक्षरं माझ्यावर, रंग माझ्यावर, आणि मान त्या पाल्याला!

हुलगे घरात गेले, तरी चंद्रव्वा रोज उजाडताच नुसतं भुसकट पसरू लागली. मी मनात म्हणायची, वारा सुटू दे, हे उडून जाऊ दे, मग कळेल सगळ्यांना पाटीची किंमत. हे सांगतानाही आता लाज वाटते.

चैत्रात वारा सुटला. भुसकट उडालं. मोटार भरधाव आली आणि म्हातारा अर्ध्या रस्त्यात. चंद्रव्वाने त्याला दंडाला धरून ओढलं. दोघंही मातीत पडले. तिच्या हातातल्या बांगड्या फुटल्या, कोपर सोललं. मी उभीच होते. अक्षरांसकट.

दुसऱ्या सकाळी ती कुदळ घेऊन आली. तिने मला खांबासकट उपटलं आणि रस्त्यात आडवं टाकलं. करकचून ब्रेक लागले.

“आजी, उचल की ते!”

“आली बघ पाटी आडवी. म्हातारं पलीकडं जाऊ दे, मग उचलते.”

हिंदुराव हसला नाही. म्हातारा पाणी घेऊन परत येईपर्यंत तो थांबला.

तेव्हापासून रोज सकाळी ती मला आडवी टाकते, मग कडेला ठेवते. घासून घासून माझा ‘दहा’ पुसून गेलाय. मला पुन्हा उभी करायला माणसं येणार, असं ऐकते. बाबांनो, हवी तर तिथं नवी पाटी लावा. म्हातारा आहे तोवर मला मात्र चंद्रव्वापाशीच राहू द्या.

नवी पाटी माझ्यावर जळेल. जळू दे.