पुढच्या खोलीतली आई आणि मागच्या शेडमधली मी

मित्रांनो, मी एक म्हातारी स्पॅनियल कुत्री आहे. वय विचाराल तर नऊ. माणसांत या वयाची मुलं चौथीत असतात, आमच्यात मात्र आजी होऊन जातात. माझे कान लांब आहेत, अंगावर पांढरे-तपकिरी ठिपके आहेत आणि शेपूट निम्मंच आहे. जन्मले त्याच आठवड्यात ते कापलं गेलं. आमची जात झुडपात शिरून शिकार शोधण्याचं काम करणारी. काट्यांत शेपूट फाटतं, म्हणून ते आखूड असलेलं बरं, असं म्हणतात. पुढे मला झुडपं किती बघायला मिळाली, ते सांगतेच.

माझे मालक तेव्हा कुत्र्यांना शिकवण्यात पटाईत होते. मी सहा महिन्यांची झाले तसे ते मला रोज सकाळी माळावर नेऊ लागले. शिट्टी एकदा वाजली की बसायचं, दोनदा वाजली की वळायचं. वाऱ्याकडे तोंड करून डावी-उजवीकडे धावत झुडपं हुंगायची आणि लपवलेलं कापडाचं बोचकं तोंडात धरून, दात न लावता, त्यांच्या हातात आणून द्यायचं. मला हे कोणाला शिकवावंच लागलं नाही. वारा आला की नाक आपोआप उठायचं आणि पाय नाकामागे धावायचे. एकदा ओढ्यापलीकडे पडलेलं बोचकं मी पहिल्या झटक्यात शोधून आणलं. मालक गुडघ्यांवर बसले, माझे दोन्ही कान हातात घेतले आणि म्हणाले, "शाब्बास गं पोरी! असलं नाक मी आयुष्यात पाहिलं नाही."

त्या दिवशी मला वाटलं, जगात याहून मोठं काही नसेल. पण मित्रांनो, त्या कौतुकानंच माझा घात केला. संध्याकाळी ते मालकिणीला म्हणाले, "हिला कामाला कशाला विकायची? हिच्या नाकाची पिल्लं हातोहात जातील. ठेवू हिला मागं."

'मागं' म्हणजे घराच्या मागची पत्र्याची शेड. तिथे जाळीचे बारा पिंजरे होते. खाली सिमेंटचा कोबा, त्यावर लाकडाचा भुसा, वर एकच दिवा. माझा पिंजरा चौथा. म्हणून माझं नावही पडलं चार नंबर.

मालक राक्षस नव्हते हो. सुरुवातीला दोनच कुत्र्या होत्या, तेव्हा ते त्यांना रोज फिरवायचे. मग चार झाल्या, मग बारा. बारा कुत्र्यांना फिरवायला माणसाला हात दोनच. आधी माळ बंद झाला, मग अंगण बंद झालं. मग पिंजऱ्याचं दार फक्त भुसा बदलायला उघडू लागलं. मालकीणबाई एकट्या बादल्या उचलून उचलून कंबरेतून वाकल्या होत्या. त्या आम्हाला मारत नसत. आमच्याकडे बघतही नसत.

मी माजावर आले की नर आणायचे. नऊ आठवड्यांनी मी व्यायची. पिल्लं सात-आठ आठवड्यांची झाली की ती उचलून न्यायची. पुढच्या वेळी माजावर आले की पुन्हा तेच. एक वेत संपलं की अंग भरून यायला वेळ लागतो, पण तो मला कधी मिळालाच नाही. केसांच्या गाठी होऊन कातडी ओढली जायची. कान आतून सडत चालले होते, डोकं हलवलं की वास यायचा. नखं वाढून आत वळली होती. आणि नाकाचं म्हणाल, तर हुंगायला तिथे होतं काय? फिनेल आणि मूत.

शेजारच्या पिंजऱ्यात पाच नंबर होती, माझ्याहून थोरली. माझ्या पहिल्या वेताला मी घाबरून पिल्लांवरच बसत होते, तेव्हा ती जाळीपलीकडून रात्रभर हळू आवाजात कुईकुई करत राहिली. तिनंच मला धीर दिला. पुढे ती लागोपाठ दोन माजांना गाभण राहिली नाही. एका सकाळी तिला पिंजऱ्यातून काढून नेलं. दुपारी तो पिंजरा धुऊन त्यात नवी कुत्री आणली. तिचंही नाव पाच नंबर.

आता तुम्ही विचाराल, पिल्लं घ्यायला येणाऱ्या लोकांना हे दिसत नव्हतं का? नव्हतं. त्यांच्यासाठी पुढची खोली होती. तिथे सोफा होता, झालरीचे पडदे होते आणि एका टोपलीत निळ्या टॉवेलावर राणी बसायची. राणी माझ्याच रंगाची, रोज विंचरलेली. तिला कधी एकही पिल्लू झालं नव्हतं. गिऱ्हाईक यायचं ठरलं की माझी पिल्लं अंघोळ घालून तिच्या टोपलीत ठेवायची आणि मालकीणबाई म्हणायच्या, "ही बघा आई. घरातच वाढलीत सगळी, आमच्या मांडीवर."

पुढची खोली आणि शेड यांच्यात एक बोळ आणि एक दार. दाराआडून मला माझ्या पिल्लांचा आवाज यायचा. दूध उतरून भुसा भिजायचा.

जनावरांचे डॉक्टरही पुढच्याच खोलीत यायचे. सोफ्यावर बसून लसीच्या पुस्तिकांचा गठ्ठा घ्यायचे आणि शिक्के मारायचे. एकदा म्हणाले होते, "मागं एक नजर टाकू का?"

"अहो, आत्ताच फिनेल टाकलंय, पाय घसरेल. चहा घ्या ना."

त्यांनी चहा घेतला.

माझ्या सातव्या वेताची पाच पिल्लं सात आठवड्यांची होती, तेव्हा एका दुपारी दोघीजणी आल्या. एक शिवणकाम करणाऱ्या बाई, दुसरी त्यांची सासू. सासूबाईंना ऐकू फार कमी यायचं, त्यामुळे त्यांना वाटायचं की सगळं जगच बहिरं आहे. त्यांचा आवाज शेडच्या पत्र्याला लागायचा. पुढचं सगळं मी थोडं माझ्या कानांनी ऐकलं आणि थोडं नंतर त्यांच्या घरी, शंभर वेळा सांगितलं गेलं तेव्हा.

शिवणाऱ्या बाईंनी राणीला उचललं, उताणं केलं आणि पोटावरून बोट फिरवलं.

"हिची आचळं तर कोरडी आहेत," त्या हळूच म्हणाल्या.

"दूध तोडलंय ना आता," मालकीणबाई हसून म्हणाल्या.

"काय म्हणते ती?" सासूबाई ओरडल्या.

"दूध तोडलंय म्हणतायत, आई."

"दूध तोडलंय? अगं, असतं तर तोडेल ना! मी चार बाळंतपणं केलीत, मला शिकवते होय? हे पोट कधी भरलेलंच नाही!"

शिवणाऱ्या बाईंचा सारा जन्म कापडाची उलटी बाजू बघण्यात गेला होता. त्या आता पिल्लांकडे बघू लागल्या. चार पिल्लं राणीला सोडून सोफ्याखाली शिरली होती. पाचवं, कपाळावर पांढरा टिळा असलेलं, बोळातून शेडच्या दाराशी जाऊन फट हुंगत रडत होतं. मला राहवलं नाही. मी भुंकले.

"मागं कोण भुंकतंय?"

"मोकाट कुत्री येतात हो कचऱ्यावर."

तेवढ्यात सासूबाई उठल्या. "मला जरा न्हाणीघरात जायचंय."

"इकडे, डावीकडे आहे."

सासूबाई सरळ गेल्या.

"अहो आजी, तिकडे नाही! तिकडे नाही!"

त्या दिवशी सासूबाईंना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी बोळ ओलांडला, कडी काढली आणि दार उघडलं.

मित्रांनो, इतका उजेड एकदम आला की मला काही दिसेना. मग दाराच्या चौकटीत एक ठेंगणी म्हातारी दिसली. तोंडावर पदर धरलेला, डोळे बाराही पिंजऱ्यांवरून फिरणारे. तिच्या पायांमधून ते टिळ्याचं पिल्लू धावत आलं आणि थेट माझ्या जाळीला नाक लावून उभं राहिलं. मी जाळीतून जीभ काढून त्याचं तोंड चाटलं. त्याच्या अंगाला साबणाचा वास होता, पण ते माझंच होतं.

"हं," सासूबाई म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात. "ही आई."

मालकीणबाईंनी पिल्लू उचललं, सासूबाईंना दंडाला धरून मागे ओढलं आणि दार लावलं. "म्हाताऱ्या माणसानं असं लोकांच्या घरात शिरू नये!"

"माझे कान गेलेत बाई, डोळे नाही गेले!" सासूबाई पुन्हा आपल्या आवाजात ओरडल्या. आणि सुनेला म्हणाल्या, "उचल ते टिळ्याचं पिल्लू आणि चल. एक तरी जीव सुटेल."

सूनबाई उठल्या. पिल्लाला त्यांनी छातीशी धरलं होतं, हे मला नंतर कळलं. मग त्यांनी ते खाली ठेवलं.

"नाही आई. आज हे आपण घेतलं, तर तिला उद्या परत गाभण ठेवतील."

आणि त्या दोघी रिकाम्या हातांनी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी माझी तीन पिल्लं गेली, तिसऱ्या दिवशी उरलेली दोन. टिळ्याचंही गेलं. मी भुसा उकरत राहिले.

शिवणाऱ्या बाई मात्र गप्प बसल्या नव्हत्या. त्या तक्रार घेऊन सरकारी कचेरीत गेल्या. तिथे सांगितलं, लेखी आणा. लेखी नेलं, तर सांगितलं, साहेब रजेवर आहेत. तिसऱ्यांदा त्यांनी सासूबाईंनाच सोबत नेलं. त्यांचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला आणि काम झालं.

अकराव्या दिवशी सकाळी प्राण्यांच्या तक्रारी बघणाऱ्या अधिकारी बाई, दोन मदतनीस आणि तेच जनावरांचे डॉक्टर आले. डॉक्टर शेडच्या दारातच थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"सात वर्षं मी या घरात चहा पितोय," ते म्हणाले. "मागं कधी आलो नाही."

"का नाही आलात?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"आलो असतो, तर दिसलं असतं ना."

पिंजरे उघडले, पण मी बाहेर येईना. मदतनिसानं मानेला दोरी लावली तशी मी कोपऱ्यात चिकटून बसले. तेव्हा मालक पुढे आले. "ओढू नका तिला," ते म्हणाले आणि वाकून माझ्याकडे बघू लागले. "ही... ही माळावरची ना?"

मालकीणबाई म्हणाल्या, "चार नंबर आहे ती."

मालकांनी दोन बोटं तोंडात घातली आणि हळूच दोनदा शिट्टी वाजवली. माझं अंग आपोआप वळलं. एकदा वाजवली, मी बसले. मालकांनी तोंड फिरवलं आणि पत्र्याला हात टेकवून उभे राहिले. त्यांना वाईट वाटलं असेल. पण वाईट वाटायला त्यांना सहा वर्षं लागली.

माझ्या गर्भाशयात पू झाला होता. ऑपरेशन त्याच डॉक्टरांनी केलं. आणखी आठवडाभर गेला असता तर मी वाचले नसते, असं ते म्हणाले. मालकांना पुन्हा कुत्री पाळायला बंदी झाली. आम्ही बाराजणी आणि राणी, वेगवेगळ्या घरी गेलो. मला शिवणाऱ्या बाई घेऊन गेल्या.

गोष्ट इथे गोड व्हायला हवी, नाही का? पण तशी ती झाली नाही. मला जिना चढता येईना. गवतावर पाय ठेवला की मी तो उचलून घ्यायची, ते पायाखाली हलतं म्हणून. दार आपटलं की मी शिलाई यंत्राखाली शिरायची. ऑपरेशननंतरही कितीतरी दिवस मी कापडाच्या चिंध्या तोंडात धरून आणायची, दात न लावता, पोटाशी रचून ठेवायची आणि चाटत बसायची. सासूबाई मला 'बाळंतीणबाई' म्हणतात. पहिल्यांदा ते बघून म्हणाल्या, "काय बाळंतीणबाई, झोपली का पोरं?" आणि मग डोळे पुसत आत निघून गेल्या. त्या दिवसापासून माझ्या चिंध्या कोणी उचलत नाही.

पुढे अधिकारी बाईंचं पत्र आलं. माझ्या शेवटच्या पाच पिल्लांपैकी दोघांचाच पत्ता लागला होता. एक चांगल्या घरी आहे. टिळ्याचं पिल्लू नव्या घरी गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात आतड्याच्या रोगानं गेलं. त्याच्या पुस्तिकेवर लसीचा शिक्का होता. शिवणाऱ्या बाईंनी पत्र वाचलं आणि यंत्र तसंच अर्ध्या शिवणीवर थांबवलं. खाली वाकून मला विचारलं, "त्या दिवशी उचलून आणायला हवं होतं का गं?" मग सासूबाईंकडे बघून तेच विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "मला ऐकू नाही आलं." त्यांना ऐकू आलं होतं.

मित्रांनो, मला उत्तर देता येत नाही, म्हणून त्यांना ते कधी मिळालं नाही. तुम्हाला मात्र सांगते. मोठी माणसं भिडस्त असतात. तुम्हाला अजून भीड पडत नाही, म्हणून तुम्हीच विचारा. कुठे पिल्लू बघायला गेलात, तर म्हणा, याची आई दाखवा. ती आमच्यासमोर त्याला जवळ घेते का, ते बघू द्या. ती झोपते कुठे, फिरते कुठे, याआधी कितीदा व्याली, ते सांगा. आणि कोणी दार उघडायला तयार नसेल, तर पिल्लू कितीही गोजिरवाणं असलं तरी हात मागे घ्या, आणि घरी येऊन गप्प बसू नका. तुम्हाला वाटेल, आपण सोडून आलो, आता त्या पिल्लाचं काय होईल? त्याचं वाईटही होईल कदाचित. मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. त्या दोघी जे सोडून गेल्या, ते पिल्लू माझं होतं. तरीही मी हेच सांगते.